मामंजींच्या वस्तऱ्यावरचा डाग

माझ्या लग्नाला सात महिने झाले होते. सासर जुन्नरपासून दीड कोसावरच्या एका वस्तीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या, नवरा पुण्याला छापखान्यात कामाला. घरात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते तरुणपणी पलटणीत होते आणि लढाईहून येताना त्यांनी एक विलायती वस्तरा आणला होता. काळ्या शिंगाची मूठ, आरशासारखं पातं. चामड्याच्या घरात घालून तो फळीवर ठेवलेला असे आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं.

त्या श्रावणात मामंजी आहुप्याला गेले. त्यांचा पलटणीतला सोबती तिथं आजारी होता. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, माझ्याच वयाची. ओढ्याला पाणी आल्यानं जुन्नरला जाणं शक्यच नव्हतं. वस्तीतली सुईण आली. मूल सुखरूप बाहेर आलं आणि नाळ कापायला तिनं कमरेला खोचलेला विळा काढला. तो गंजून तांबडा झाला होता.

माझ्या थोरल्या बहिणीचं मूल आठव्या दिवशी धनुर्वातानं गेलं होतं. त्याची नाळ असल्याच विळ्यानं कापलेली. मी सुईणीचा हात धरला.

"ह्यानं नको."

"मग कशानं कापू? लवकर सांग, पोर गार पडंल."

मी घरी पळाले, फळीवरून वस्तरा काढला आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवून तिच्या हाती दिला. तिनं तो ओळखला.

"अगं, ह्यो तुझ्या सासऱ्याचा. बाळंतपणात वापरला हे त्यास्नी कळलं तर?"

"तुमी कापा," मी म्हटलं.

नंतरच्या धांदलीत पातं पदराला पुसलं, मिटलं आणि तसंच ओलसर चामड्याच्या घरात सारलं. तीन दिवस मला त्याची आठवण झाली नाही. चौथ्या दिवशी सकाळी डिंभ्याकडून आलेल्या एका गाडीवानानं निरोप दिला, तुमचे मामंजी संध्याकाळच्या मोटारीनं येतायत. मी वस्तरा काढून उघडला. पात्यावर तपकिरी ठिपके उठले होते, आणि मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा निळसर काळा डाग.

पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात, तेवढंच मला ठाऊक. चिंच कोळून पात्याला चोळली. ठिपके तसेच राहिले, उलट चिंच लागली तिथं सगळं पोलाद राखी पडलं.

ओढा उतरला होता. वस्तरा फडक्यात गुंडाळून मी जुन्नरची वाट धरली. बाजारपेठेत एक म्हातारे मुसलमान कारागीर कात्र्या, वस्तऱ्यांना धार लावून देत. मामंजी त्यांच्याकडेच जात, म्हणून तर मला जास्त भीती वाटत होती. त्यांनी पातं उजेडात धरलं आणि लगेच विचारलं,

"बेटी, हा त्यांचा वस्तरा तुझ्याकडं कसा?"

खोटं सुचेना. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"चिंच लावलीस ते वाईट केलंस. आंबट पोलादाला खातं. आणि चामडं पाणी धरून ठेवतं, त्यात ओलं पातं कधी ठेवायचं नाय."

त्यांनी गोवऱ्यांची राख मलमलीतून गाळली, खोबरेल तेलात कालवली आणि बाटलीच्या बुचाला लावून ते पात्याच्या पाठीच्या कडेनं लांबीच्या लांबी फिरवायला लागले. धारेकडे बूच जाऊ देत नव्हते. पुसायचे, बघायचे, पुन्हा फिरवायचे. मशिदीतून दुपारची बांग झाली तरी ते उठले नाहीत. राखी रंग गेला, ठिपके गेले, काळा डाग फिकट होत होत धारेजवळ आक्रसत आला आणि मसुराच्या डाळीएवढा होऊन तिथंच थांबला.

"एवढा काढा की, चाचा."

"हा आता डाग न्हाई, खड्डा हाय. ह्याला घासत बसलो तर धार जाईल. हे त्यांना तूच सांग. मी सांगणार न्हाई आन लपवणारबी न्हाई."

घरी पोचले तर मामंजी आधीच्या मोटारीनं येऊन पडवीत बसलेले. दाढीचे खुंट वाढलेले. समोर पाण्याचा तांब्या, आणि फळी रिकामी.

"वस्तरा कुठाय?"

मी फडकं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी पातं उघडलं, तिरपं धरलं. खड्ड्यावर अंगठा न टेकवता नुसतं बघत राहिले. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बहिणीचं मूल, गंजका विळा, सगळं. बोलताना दाराची चौकट धरून ठेवली होती.

"पोर जगलं?"

"जगलं. अंगावर पितंय."

"आन आई?"

"ती पण बरी आहे."

त्यांनी पातं मिटलं. मग आवाज न चढवता म्हणाले,

"विटाळाचं माझं मी बघीन. पलटणीत त्यापरास लई बघितलंय. पण पोलादाला चिंच कुणी लावली?"

"मीच लावली."

"अन् चार दिस सांगितलं न्हाईस."

"तुमी घरी नव्हता."

"असतो तर सांगितलं असतंस?"

मी खोटं बोलू शकले नाही. मान हलवली, नाही म्हणून. त्याचाच त्यांना राग आला, हे मला त्यांच्या जबड्यावरून दिसलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलले. ते दोन दिवस मला डाग दिसला त्या सकाळपेक्षा जड गेले.

तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. शेजारीण बाळ पोटाशी धरून भिंतीकडे सरकली. तिलाही वाटलं, हे भांडायला आले. मामंजींनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं,

"बेंबी वाळली का त्याची?"

"वाळत आलीय, मामा."

ते परत आले, पाणी मागितलं आणि अंगणात बसून त्याच वस्तऱ्यानं दाढी केली. खड्ड्यापाशी गालावर बारीकशी रेघ उमटली, रक्त आलं. त्यांनी तुरटी लावली आणि मला चहा टाकायला सांगितला.