लाल पट्ट्यातला काटा

जपानमधल्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात बाबा मला परत पुण्याला न्यायला सप्पोरोला आले. तोंडाने तसं म्हणाले नाहीत. "बर्फ बघायला येतो," एवढंच म्हणाले. पण थंडीच्या नुसत्या नावाने मफलर शोधणारा माणूस बर्फ बघायला येत नसतो. विद्यापीठातलं माझं संशोधन अजून दोन वर्षं चालणार होतं आणि मला जायचं नव्हतं. हे घर भक्कम आहे एवढं त्यांना पटवलं की झालं, असं मी ठरवून टाकलं होतं.

ते दिवस आता अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. खिडकीबाहेर आवाज न करता बर्फ पडत राहायचा, दुपार सरता सरता उजेड निळा व्हायचा, आणि भिंतीलगतच्या हीटरमधून बॉयलरचं गरम पाणी हळूच गुणगुणत फिरायचं. बाबा त्याच्याजवळ डोळे मिटून बसायचे. मी प्रयोगशाळेतून आले की आम्ही चहा घ्यायचो. फारसं बोलायचो नाही. त्या खोलीत वेळ पुढे सरकतोय असं वाटायचंच नाही.

आणि नेमका तेव्हाच बॉयलर बिघडला. म्हणजे मला तसं वाटलं. त्याच्या प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा. तो रोज लाल पट्ट्यात जाऊन बसायला लागला. जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून टपटप सुरू झाली. बाबांनी हे पाहिलं असतं तर त्याच दिवशी माझी बॅग भरायला घेतली असती. उपाय घरमालकीणबाईंनी आधीच दाखवून ठेवला होता: बॉयलर बंद करायचा, निवू द्यायचा, मग हीटरच्या खालची चावी सैल करून काटा हिरव्यात येईपर्यंत बादलीत पाणी सोडायचं. संध्याकाळी बाबा कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध आणायला गेले, की मी चोरासारखी हे उरकून घ्यायचे. सकाळी काटा पुन्हा लाल! आठवडाभर हेच. त्या काट्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या.

एके दिवशी पहाटे पाचलाच जाग आली. बाबा मफलर गुंडाळून बॉयलरपुढे उकिडवे बसले होते. पाणी भरायचा नळ त्यांनी सोडला होता आणि पाइपला कान लावला होता.

"बाबा, काय करताय?"

"पाणी भरतोय. रोजच भरतो. रात्रीतून काटा उतरतो गं, तुझं लक्षच नसतं."

पुण्यात आमच्याकडे पहाटे तासभरच पाणी यायचं. बाबांनी उभं आयुष्य पाचला उठून पिंप, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा काठोकाठ भरली. अर्धं भांडं त्यांना बघवायचंच नाही. मला आधी हसू आलं, मग राग.

"अहो, जास्त भरलं की प्रेशर वाढतं! मी रोज संध्याकाळी सोडून देतेय!"

बाबा ओशाळले. नळ बंद करून काट्याकडे बघत राहिले.

"मला वाटलं, पुढच्या आठवड्यात मी गेलो की तुला कोण भरून देणार? म्हणून जरा जास्तच भरत होतो."

म्हणजे मी इथेच राहणार, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी गार जमिनीवर बसून ढसाढसा रडत होते.

"बाबा, इतक्यात नका ना जाऊ," एवढंच मला म्हणता आलं.