साडूंचा सोन्याचा धूर

धुरावर माझ्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मलकापूरजवळ लोखंड तापवून ट्रॅक्टरचे भाग घडवणारा एक कारखाना आहे. तिथल्या कोळशाच्या भट्टीवर ते मिस्त्री, आणि राहायला कारखान्याच्या मागच्याच आळीत. मनगटाला घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. चिमणीवर धूर दिसला की भट्टी पेटली आणि आतून खोकला ऐकू आला की बायको उठली, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांचा दिवस सुरू व्हायचा. नुसत्या धुराकडे बघून कोळसा ओला आहे की मालकांचा पारा चढलाय, हे ते सांगत. मालकांचं कधीमधी चुकायचं, कोळशाचं कधीच नाही. आमच्या स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारं यंत्र बसवलं तेव्हा जेवताना ते इतके खिन्न झाले की माझ्या बायकोला वाटलं, भाजीत मीठ राहिलं. "फोडणीचा ठसका लागत न्हाई त्या घरात पावण्यानं बसायचं तरी कशाला?" ते म्हणाले आणि तिसरी भाकरी मागितली.

अशा माणसाच्या भट्टीला गॅस आला. मालकांनी थाटात समारंभ केला. 'स्वच्छ इंधन, स्वच्छ हवा' असा भलाथोरला फलक लागला, आणि कळ दाबताच फटाक्यांची अशी लांबलचक माळ लावली की प्रमुख पाहुण्यांना स्वच्छ हवेवरचं भाषण खोकत खोकतच आवरतं घ्यावं लागलं. साडूंना समारंभातला तेवढाच भाग आवडला. नवी भट्टी चालवायला ते आठवड्यात शिकले, पण तिच्यावर विश्वास काही बसेना. "आवं पावनं, सोन्याचा धूर निघतो म्हणत्यात. सोन्याचा गॅस निघतो असं कुणी म्हणतंय का?"

त्यातच त्यांच्या एकुलत्या एका मुलीला आटपाडीचं स्थळ आलं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, दोघांचं मनातून ठरलेलं. वडीलधाऱ्यांचा होकार तेवढा बाकी होता. ती मंडळी मुलगी बघायला आली त्या दिवशी मीही होतो. मुलाच्या चुलत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कारखाना बंद पडला म्हणायचा? चिमणीवर धूर दिसंना."

"चालू हाय की," साडू म्हणाले.

"धुराबिगर?"

हा प्रश्न साडूच आजवर सगळ्या जगाला विचारत आले होते. चुलते म्हणाले, "बघू, इचार करून कळवतो," आणि भाचीचा चेहरा उतरला.

"जरा बसा, आलोच," म्हणत साडू मागच्या दाराने सटकले. थोड्या वेळात चिमणीच्या बाजूने काळाकुट्ट धूर उठला. चुलत्यांची कळी खुलते न खुलते तोच कारखान्याचा भोंगा वाजला आणि कामगार आग आग करत बाहेर धावले. मग दोघा कामगारांनी साडूंना दंडाला धरून घरी आणलं. चिमणीच्या बुडाशी पिंपात जुना टायर पेटवला होता त्यांनी! लोकांनी पिंपाबरोबर साडूंनाही विझवलं होतं.

भाची उठली, गच्चीवर गेली आणि दोरीवरची पांढरी चादर आणून तिने मुलाच्या आईपुढे ठेवली. "सकाळपासनं वाळत होती. आदी आमी कापडं घरातच वाळवायचो, भाईर घातली की काळी व्हायची. आणि कारखाना बंद असता तर एवढी माणसं आत्ता आली कुठनं? हे चार ठिपकं तेवढं आप्पांचं हायत."

त्या बाईंनी चादरीवरून हात फिरवला, तळवा बघितला. "आमच्याकडं धुरळा लय. असं कापड मी सपनात बी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगी आमची."

भाची आता आटपाडीला असते. परवा साडूंकडे मुक्कामाला गेलो होतो. सकाळी डोळा उघडला तर ते अंथरुणावर उठून बसलेले. खिडकीतून दिसणाऱ्या चिमणीवर कोरं आभाळ. मेहुणींचा खोकलाही कोळशाबरोबरच गेलाय, त्यामुळे आतली खोली अगदी गप्प. साडू घाबऱ्याघाबऱ्या दाराशी गेले.

"जागी हाईस न्हवं गं?"

"हाय की. रोज काय इचारता?"

"काय न्हाई. आवाज आला न्हाई म्हणून."

एरवी मी त्यांची थट्टा सोडली नसती. त्या सकाळी मात्र मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो.