लाइट धरणाऱ्याचा फोटो

मला माणसांपेक्षा मशीनचा राग लवकर येतो. मशीनला शिव्या देऊन काही होत नाही हे कळतं, तरी तोंड थांबत नाही. त्या डब्यावर मी इतकी करवादले की शेजारचा किराणावाला दुकान सोडून बघायला आला. "बाई, कोणावर बोंबलून राह्यल्या?" मी डबा दाखवला. तो म्हणाला, "हा तं ऐकूनच नाई राह्यला," आणि निघून गेला.

चामोर्शीहून मार्कंड्याला जायच्या रस्त्यावर वडिलांनी फोटो स्टुडिओ टाकला होता, आता मी चालवते. लग्नं, बारशी, महाशिवरात्रीच्या जत्रेतले जोडफोटो, सगळं त्या डब्यात जायचं. आत एक मोठी हार्डडिस्क, मागे वायर, स्टुडिओतल्या कुठल्याही कम्प्युटरवरून उघडायचा. जुना कम्प्युटर जळला, नवा आणला, तर नव्याला डबा दिसेना. का, तर डब्याची बोलायची पद्धत जुनी झाली, ती आता सुरक्षित मानत नाहीत. कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, ते मॉडेल आम्ही केव्हाच सोडलं, नवीन घ्या. गरज सरो, वैद्य मरो. मी डबा कपाटावर टाकून दिला. जुनी लग्नं कोण मागायला येतं?

मग वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे आमच्या लाइटवाल्या भाऊंची बायको. भाऊ एरवी वैनगंगेत मासे धरायचे आणि लगनसराईत माझ्यासोबत यायचे. मी कॅमेरा धरायचे, ते लाइट. हात वर, तोंड बंद, नवरीच्या डोळ्यांवर कधी उजेड मारला नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांचा डोंगा उलटला. ते सापडले, खिशातल्या फोनचा काही उपयोग राहिला नव्हता, आणि घरातले होते नव्हते ते सगळे फोटो त्या फोनमध्येच होते.

पोरीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे बरेच जण बाप नसला की मांडवात खुर्चीवर त्याचा फोटो मांडतात, पोरगी आधी त्याच्या पाया पडते. वहिनींनी भाऊंचं आधार कार्ड आणलं होतं. मी ते मोठं करून पडद्यावर दाखवलं. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस माह्या घरी कधी राह्यलाच नाई, बाई." आधारच्या फोटोत माझाही चेहरा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा आहे.

"तुमच्यासंग इतके वर्ष फिरले," त्या म्हणाल्या. "एखादा तं असन."

"असेल म्हणजे काय, ढीगभर असतील," मी म्हणाले. म्हणाले आणि कपाटावरून डबा खाली काढला.

डिस्क काढून सरळ कम्प्युटरला लावून पाहिली. कम्प्युटर म्हणतो, ही वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? तुझ्या बापाचं आहे का, मी म्हणाले, आणि वायर उपटली. डब्याने ती आपल्याच पद्धतीने लिहून ठेवली होती, दुसऱ्या कोणाला समजू नये अशी. नागपूरचा एकजण असं काम करतो म्हणून त्याला विचारलं. तो फोनवरूनच हे दाबा, ते दाबा करत उंटावरून शेळ्या हाकत बसला आणि शेवटी म्हणाला, पाठवून द्या, दोनेक महिने लागतील. लग्न त्याच्या आधी होतं.

मग शोधता शोधता कळलं की असे टाकून दिलेले डबे पुन्हा चालावेत म्हणून जगभरातले काही रिकामटेकडे, देव त्यांचं भलं करो, फर्मवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. फर्मवेअर म्हणजे डब्याची अक्कल. कंपनीची काढायची, यांची बसवायची. मधेच वीज गेली तर जुनीही जाते, नवीही येत नाही, आणि डब्याचा दगड होतो. सगळ्या महाराष्ट्राला वीज शेजारच्या चंद्रपूरची, आणि आम्ही इकडे दिवा कधी जाईल याच्या अंदाजावर कामं करतो.

सकाळची वेळ धरली. डिस्क काढून सुती साडीत गुंडाळून ठेवली. डबा इन्व्हर्टरवर लावला, पंखा बंद, फ्रिज बंद. वहिनी बाजारात मासे विकून थेट आल्या होत्या, टोपली बाहेर ठेवून स्टुलावर बसल्या. पेनड्राइव्ह लावला, मागचं बटण काडीने दाबून धरलं. हिरवा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. वाट पाहिली. लालच. मला रडू आलं, खरंच आलं. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्यांचा नवरा गेला त्या माझी समजूत काढत होत्या, आणि मी काढून घेत होते.

चूक साधी होती. माझ्या डब्याच्या नावाचे दोन डबे निघालेले, मी दुसऱ्याचं फर्मवेअर भरलं होतं, ते डब्याने घेतलंच नव्हतं. खाली चिकटवलेला कागद पुसट झालेला, शेवटचा आकडा पाच होता की सहा कळत नव्हतं. सहाची फाइल आणली, पुन्हा सगळं केलं. या वेळी दिवा लाल झाला, लुकलुकला, आणि हिरवा झाला. डिस्क आत सरकवली. नव्या कम्प्युटरवर फोल्डर उघडले. वर्षानुवर्षांची लग्नं, एकाखाली एक.

"निघाले का?" वहिनींनी विचारलं.

"निघाले," मी म्हणाले. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

त्यानंतर त्या रोज बाजार उरकून यायच्या आणि आम्ही बघत बसायचो. कोण कोण दिसलं! आता नसलेल्या म्हाताऱ्या, सोडचिठ्ठी झालेली जोडपी, वहिनींच्या गावचे कितीतरी. भाऊ नाहीत. मी म्हणायचे, पुढच्यात असतील. पुढच्यातही नाहीत. भिंतीवर एखाद्या ठिकाणी लाइटच्या काठीची सावली, एका पंगतीच्या फोटोत कोपऱ्यात मनगट. वहिनींनी मनगट मोठं करायला लावलं. ते कोणाचंही असू शकलं असतं.

असणार कुठून? लाइटवाला दिसला की फोटो खराब, हा आमच्या धंद्याचा साधा नियम. लग्नाहून आलं की पहिलं काम तेच, असे फोटो वेगळे काढायचे आणि उडवायचे. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण त्या टोपली बाहेर ठेवून बसायच्या, आणि मी पुढचं फोल्डर उघडायचे.

फोटो संपले तेव्हा व्हिडिओ लावले. माझी आशा केव्हाच गेली होती, त्यांची मात्र होती. घोट गावाकडच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरतो, उजेड त्याच्या तोंडावर नीट बसलेला, वाजंत्री थांबलेली. आणि तेवढ्यात अगदी जवळून भाऊंचा आवाज आला.

"बाई, मी दिसून तं नाई राह्यलो ना?"

त्यावर माझा आवाज, घाईतला, "नाई भाऊ, तुम्ही कुठीच दिसत नाई. तिथीच राहा."

वाजंत्री पुन्हा सुरू झाली, मी व्हिडिओ थांबवला. मला वहिनींकडे बघवेना. त्यांनी विचारलं, "हे बोलले तवा कुठी उभे होते?"

मी आठवून पाहिलं. उजेड डावीकडून येत होता. मी कम्प्युटरच्या डाव्या बाजूला, पडद्याच्या बाहेर, बोट दाखवलं. "इथी."

तिथे नुसती भिंत होती. वहिनींनी पदर सारखा केला, स्टूल थोडं तिकडे वळवलं आणि म्हणाल्या, "लावा अजून एक डाव."