सहाव्या पानावरची फुली

अन्याय झाला तो ओतूरला राहणाऱ्या एका चित्रकारावर. झाला तो सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कळंबजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गात. वेळ पक्की सांगते, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाखालीच उभी होते. आणि अन्याय करणाऱ्यांत मीही होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणाला शोधत बसायला नको.

मी पत्रकं लिहिते. पाणी, रस्ता, रेशन, एसटीची बंद झालेली फेरी, विषय कुठलाही द्या, एका पानात बसवून देते. पण बिबट्याच्या बाबतीत पत्रकं कमी पडत होती. ऊस डोक्याएवढा झाला की आमच्याकडे शाळेच्या वाटेवरून मुलांच्या आधी बिबट्या जाऊन आलेला असतो, आणि पहिलीतल्या पोराला पत्रक वाचता येत नाही. म्हणून आमच्या गटाने एका सरकारी कचेरीकडून आठ पानांची चित्रकथा छापून घेतली. चित्रं काढली काकांनी. काका म्हणजे तेच, ओतूरचे. वय सत्तरीला आलेलं, आयुष्य कॉमिकची चित्रं काढण्यात गेलेलं.

सोमवारी पुस्तिका वाटल्या. पोरांनी आधी वास घेतला, मग पानं उलटली. बाईंनी सहावं पान काढायला सांगितलं. त्यावर दोन चित्रं. पहिल्यात उसाकडेची पायवाट, वाटेवर बिबट्या, आणि पाठीवर दप्तर उडवत धूम पळणारा मुलगा. दुसऱ्यात तोच मुलगा दोन्ही हात वर करून उभा, तोंड उघडं.

"सांगा बरं, बिबट्या दिसला तर काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"पळायचं!" अख्खा वर्ग ओरडला.

"आणि हा हात वर करून काय करतोय?"

पुढे बसलेली दोन वेण्यांची मुलगी उठली. "नाचतोय. पळाला, वाचला, म्हनून नाचतोय."

सगळे हसले. बाईही हसल्या. मी पुस्तिका हिसकावून घेतली. काकांच्या मूळ चित्रात त्या पळणाऱ्या मुलावर जाड लाल फुली होती. हे करायचं नाही, असं सांगणारी. आणि शेजारचं चित्र होतं ते करायचं: थांबायचं, हात वर करून उंच दिसायचं, ओरडायचं, पाठ न दाखवता मागे मागे सरकायचं. पळणाऱ्याच्या मागे बिबट्या हमखास लागतो, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. छापताना ती फुलीच गायब झाली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "असे करू नका." पण पहिलीतलं पोर आधी चित्र बघतं, आणि बहुतेक वेळा तेवढंच बघतं.

पानाच्या कोपऱ्यात काकांची सही होती. ती मात्र कुणी पुसली नव्हती.

बाईंना मी तिथेच सांगितलं, पुस्तिका गोळा करा. निम्म्या हाताला लागल्या. उरलेल्या पोरांनी दप्तरात दडवल्या होत्या, आणि शेजारच्या वर्गातली पोरं तर लहान सुट्टीत घरी पळवूनही आली होती. पोरांना नवी चित्रं मिळाली की ती दम धरतात का?

नारायणगावला बस बदलून मी ओतूर गाठलं. काका बाजारपेठेतल्या एका दुकानावरच्या खोलीत राहतात. खिडकीपाशी टेबल, टेबलावर टाक, शाईच्या बाटल्या, आणि दोरीवर वाळत घातल्यासारखी चिमट्याला लावलेली चित्रं.

"या, कार्यकर्त्या बाई," ते म्हणाले. "आज कुनाचा मोर्चा?"

मी सहावं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा चढवला. मग नखाने स्वतःची सही खरवडायला लागले. कागद फाटला तरी खरवडतच होते.

ही सही म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. काका तळेघरच्या बाजूच्या डोंगरातले. भात, नाचणी, आणि कुठेही जायचं तर आधी पायपीट. तिथून ते पुण्याला गेले आणि कॉमिक छापणाऱ्या एका मालकाकडे कामाला लागले. राजे, राक्षस, हेर मोठे चित्रकार काढायचे. काकांकडे यायचं ते मागचं सगळं: जंगल, पाऊस, गर्दी, पडणारी भिंत. "हिरो दुसऱ्याचा, झाडं माझी," असं ते सांगायचे. वीसेक वर्षं इथल्या एसटी स्टँडांवर त्यांची झाडं विकली गेली, नाव कुठेच नाही. मग घराघरात टीव्ही आला, कॉमिक बंद पडलं. काका परत आले, पाट्या रंगवल्या, फ्लेक्सनी तेही नेलं. ही बिबट्याची चित्रकथा म्हणजे त्यांची पहिली स्वतःची, पहिलं पान ते शेवटचं पान, सहीसकट.

आणि काम करायची त्यांची एक रीत होती. पुण्यात असताना सुट्टीला गावी आले की ते चित्रांचे कागद आईपुढे टाकायचे. आईला वाचता येत नव्हतं. शब्दांवर हात ठेवून ते विचारायचे, "काय झालं हितं?" आईने चुकीचं सांगितलं तर आईला समजावायचं नाही, चित्र पुन्हा काढायचं. बिबट्याची पानंही त्यांनी तशीच वस्त्यांवर फिरवली होती. मी बरोबर होते, कोण काय म्हणालं ते लिहून घेत होते; त्याचाच अहवाल मी कचेरीला दिला होता.

"फुली कुनी पुसली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उद्या कचेरीत जाऊन विचारू," मी म्हणाले.

मंगळवारी सकाळी कचेरी उघडायच्या आत शाळेच्या बाईंचा फोन आला. शाळेमागच्या उसात ताजे ठसे दिसले होते. मोठा एक, बारके दोन. पिलांवाली मादी. उसातून पलीकडे जायची वाट एकच, तीच मुलांची.

कचेरीतले साहेब शांत होते. अशी माणसं शांत असली की मला जास्त राग येतो.

"फुली आम्ही मनाने नाही काढून टाकली हो," ते म्हणाले, आणि फाइलमधून माझाच अहवाल काढून त्यांनी वाचला. "'एका आजींनी हरकत घेतली. लेकराच्या अंगावर फुली मारू नका, असे त्या म्हणाल्या.' तुम्हीच लिहिलंय. ज्या घरातलं पोर बिबट्यानं नेलं, त्या घरातल्या बाईच्या भावना दुखवायच्या का आम्ही?"

"मग चित्रच काढून टाकायचं होतं!"

"शेवटची प्रत तुम्हाला मोबाइलवर पाठवली होती ना? तुम्ही 'ठीक' म्हणून अंगठा पाठवलात."

पाठवला होता. सभेत होते, उघडूनही बघितली नव्हती. लोकांनी न वाचता कागदावर सही करू नये, यावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत.

"पुस्तिका परत मागवा," काका म्हणाले.

"वाटप झालं काका. फोटोही वरिष्ठांकडे गेले. आणि खाली लिहिलंय की, असे करू नका म्हणून. फार तर पुढच्या छपाईत तुमची सही काढू."

"सही ऱ्हाऊ द्या, साहेब. पोरगं थांबवा."

साहेबांनी हात जोडले. हे हात जोडणं म्हणजे जा आता.

बाहेर येऊन मी तोंडाला येईल ते बोलले. काका बाकावर बसून होते. मग म्हणाले, "आजीकडं जाऊ."

ज्या आजींचं बोलणं मी अहवालात लिहिलं होतं, त्यांची वस्ती शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा नातू बिबट्याने त्याच वाटेवर नेला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत होत्या. पाठ मोकळी ठेवून त्या आता कुठेच बसत नाहीत.

"पुन्ना आलात व्हय, पावणं? घ्या, शेंगा घ्या."

काकांनी शेंगा घेतल्या आणि पान पुढे केलं. शब्दांवर हात ठेवला. "काय झालं हितं, आजी?"

आजींनी पान लांब धरून बघितलं. "पळतोय." मग जवळ घेऊन. "ह्यो का पळतोय? मागल्या टायमाला ह्याच्यावर फुली व्हती."

"तुम्हीच म्हणालात, लेकरावर फुली नको," मी म्हणाले. "म्हणून कचेरीने ती काढून टाकली."

बोलून गेले. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जमिनीत जावंसं वाटलं. आजींचे हात शेंगांच्या सुपात तसेच थांबले.

"म्हंजी माझ्यापायी ही पोरं पळायची?"

"न्हाई," काका म्हणाले. "माझ्यापायी. तुमी बोलला तवाच मी चित्र बदलाया पायजे व्हतं. माझी आई बोलली असती तर बदललं असतं. मला वाटलं, दुखात हाय बाई, बोलू द्या. अन फुली तशीच ठिवली."

उसात काहीतरी सळसळलं, आम्ही तिघांनीही मान वळवली. कुत्रं होतं.

"आमचाबी पळाला व्हता," आजी म्हणाल्या. एवढंच. मग ओचा झटकून त्यांनी पान जमिनीवर सपाट केलं आणि पळणाऱ्या मुलाच्या पायांवर बोट ठेवलं. "फुली हितं मारा. तोंडावर, छातीवर न्हाई. लेकराला हात लावू नका. पायच तेवढं चुकलं त्याचं."

काकांनी खिशातून लाल स्केचपेन काढलं. मग काय वाटलं कोण जाणे, ते आजींकडे दिलं. आजींनी दोन रेघा मारल्या, एक वाकडी, एक त्याहून वाकडी. दोन्ही पाय त्यात बरोबर सापडले.

"पन्नास वरसं चित्रं काढतोय राव," काका मला म्हणाले. "हे सुचलं न्हाई."

बुधवारी शाळा भरल्यावर काका वर्गात गेले. ठशांमुळे आईबाप पोरांना सोडायला आले होते, दारात घोळका झाला होता. आजींनी फुली मारलेलं पान काकांनी उंच धरलं, शब्दांवर हात.

"काय झालं हितं?"

मला वाटलं, पुन्हा ओरडतात आता. दोन वेण्यांची मुलगी पुढे वाकली.

"पाय चुकलं त्याचं."

"मग?"

"पळायचं नाय."

"आन ह्यो नाचतोय का?" काकांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

तिने दोन्ही चित्रांवरून नजर फिरवली. "नाय. ह्यो वरडतोय. हात वर करून मोठा झालाय." आणि ती स्वतःच हात वर करून अशी किंचाळली की दारातले बाप दचकले. एक जण म्हणाला, "हिला बघून बिबट्याच पळंल." ठसे दिसल्यापासून मी पहिल्यांदा कुणाला हसताना ऐकलं.

मग आम्ही वर्गातल्या सगळ्या पुस्तिकांवर फुल्या मारल्या. पोरांनी आपापल्या मारल्या, काकांनी मागून बघितल्या. एकाने चुकून बिबट्याच्या पायांवर मारली. त्याला काका म्हणाले, "तू बिबट्याला शिकीव, मग बघू."

एक शाळा झाली. गठ्ठे गेलेत जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत. कचेरीने कुठल्या शाळेला किती दिल्या, ती यादी मी लेखी मागितली आहे. उत्तर नाही. दोन गठ्ठे तळेघरकडे गेले. त्यांच्या मागे काका पहाटेच्या एसटीने स्वतः गेले, खिशात चार लाल पेनं घेऊन. बस जिथे सोडते तिथून पुढे चालत. गुडघा धरतो, पण ऐकत नाहीत. म्हणतात, सही माझी हाय.

पण जी पोरं पुस्तिका दप्तरात घालून घरी गेली, त्यांच्यापर्यंत काका पोचणार नाहीत. मीही नाही. त्या घरात तुम्ही आहात.

तेव्हा हे वाचून झाल्यावर हळहळत बसू नका. पोराचं दप्तर ओढा. मुखपृष्ठावर उसातून डोकावणारा बिबट्या असलेली आठ पानांची पुस्तिका शोधा. शेजाऱ्याकडे विचारा, अंगणवाडीत विचारा. सहावं पान काढा. लाल पेन घ्या, लाल नसेल तर कुठलंही, आणि पळणाऱ्या मुलाच्या दोन्ही पायांवर फुली मारा. मग शब्दांवर हात ठेवून पोराला विचारा, काय झालं इथे. त्याचं उत्तर ऐका. चुकीचं आलं तर त्याला रागावू नका, पुन्हा दाखवा. उद्या शाळा भरायच्या आत.