रुखवतावरचे हंस

लातूर जिल्हा झाला, तरी आमच्या अहमदपूरच्या नळाला पाणी काही आलं नाही. लातूरच्या स्थळांचे भाव मात्र चढले. मुलगा 'कलेक्टर हापिसात' असला की त्याच्या आईला बसायला खुर्ची आणि खुर्चीवर उशी द्यावी लागे. माझ्या थोरल्या बहिणीला असंच एक स्थळ आलं. मुलगा कारकून, स्वभावानं बरा, कमी बोलणारा. त्याच्या वाटचं बोलायला त्याची आई होती.

"पोरीला काय काय येतं?" त्यांनी विचारलं.

"बी.एस्सी. झालीय, गणित घेऊन," वडील म्हणाले. "आता नांदेडला बी.एड.ला नंबर लागलाय. जूनपासून वर्षभर मावशीकडं राहील."

"ते शिक्षणाचं झालं. हाताला काय येतं?"

ताईच्या हाताला खडू येत होता. पण आई घाईनं म्हणाली, "विणकाम, भरतकाम, समदं येतंय की."

बी.एड.चं काय, हे वडिलांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नानंतर बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे 'नाही'च. तेच 'नाही' चहा पिऊन झाल्यावर म्हटलं की त्याचं 'बघू' होतं.

ताईला मुलगा पसंत होता. तिला लग्न मोडायचं नव्हतं, फक्त जूनमध्ये नांदेडच्या एस.टी.त बसायचं होतं. तिचा हिशेब साधा होता. रुखवत बघून सासूबाई खूश झाल्या तर विषय पुन्हा काढता येईल, नाही झाल्या तर जन्मभर 'बघू'.

तिनं लोकरीचा पोपट विणायला घेतला. आठवड्यानं त्याचं कारलं झालं. आई म्हणाली, "भाजी म्हणून मांडू."

मी तेव्हा नांदेडला मावशीकडं राहून कॉलेज करत होते. तिथल्या एका स्टेशनरीच्या दुकानात मला ती चित्रं दिसली. पातळ, आरपार दिसणारा कागद आणि त्याच्या पाठीवर रंगीत चित्रं. कागद पुठ्ठ्यावर ठेवायचा, वरून चमच्याच्या पाठीनं घासायचं आणि हळूच उचलायचा. चित्र पुठ्ठ्यावर राहतं. दुकानदार त्यांना 'घासायचे छाप' म्हणे. मी पिशवीभर छाप घेऊन घरी आले.

ताईनं एक हंस उमटवून पाहिला आणि पोपट उसवायला घेतला.

त्या छापांत आपल्याकडचं काहीच नव्हतं. पवनचक्क्या होत्या, बर्फातली घरं होती, लांब देठांची कुठली तरी फुलं होती आणि जिकडंतिकडं पाणी होतं. तळी, धबधबे, कारंजी, त्यात पोहणारे हंस. बाहेर गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग लागलेली आणि आत आम्ही दोघी चमच्यानं धबधबे घासतोय. थर्माकोलच्या विहिरीला कारंजं लागलं, आरशाच्या कोपऱ्यांत फुलं आली. रुखवतात मुख्य वस्तू म्हणून ताईनं 'सुखी संसार' नावाची चिकटवही केली. सप्तपदीच्या प्रत्येक पावलाला एक पान. मासिकांतून कापलेले कुकर आणि पाळणे मध्ये चिकटवले, कडेनं हंसांची किनार उमटवली. घासताना एका हंसाच्या कागदाला धक्का बसला आणि त्याची मान अर्धीच उतरली. तो आम्ही पाण्यात डोकं घातलेला म्हणून खपवला.

वडिलांनी वही चाळली. म्हणाले, "एवढं पाणी दाखवू नका. टँकर बंद करतील."

लग्न ऐन मे महिन्यात, शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पंगतीत जिलबी हवी तेवढी, पाणी मात्र अर्धा पेला. लातूरची मंडळी दर घोटाला सांगत होती की आता जिल्हा झालाय, पाण्याचं होईल. आमचे नांदेडचे काका, ज्यांचा जिल्हा निजामाच्या काळापासूनचा, ते म्हणाले, "आमचा होऊन लई वर्षं झाली. आम्हीबी अजून वाट बघून राहिलो."

जेवणं झाल्यावर सासूबाई आपल्या जावेला घेऊन रुखवताशी आल्या. या जावेशी त्यांची जुनी चढाओढ असणार, कारण ती जवळ आली की त्यांचा आवाज चढायचा.

"बघा. समदं माझ्या सुनंनं हातानं केलंय. एक वस्तू इकतची न्हाई."

"हाव, दिसायलंय," जाऊ म्हणाली. तिनं चष्मा पुढं ओढला. "हे रंगवलंय का भरलंय?"

"रंगवलंय," असं ठणकावून सांगत सासूबाईंनी चिकटवही उचलली आणि किनारीवर अंगठा दाबून दाखवला. पत्रा तापलेला, अंगठा घामानं ओला. त्यांनी हात उचलला तेव्हा पानावर हंसाची जागा रिकामी होती. हंस अंगठ्यावर बसला होता, चोचीसकट.

ताई शेजारीच मुंडावळ्या बांधून उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. नांदेडची एस.टी. सुटली, असा तो चेहरा होता.

सासूबाईंनी अंगठ्याकडं पाहिलं. मग शांतपणे मूठ मिटली, वही खाली ठेवली आणि जावेला म्हणाल्या, "चला, इडा खाऊ." सगळा विडा त्यांनी डाव्या हातानं खाल्ला. जावेनं विचारलं तर म्हणाल्या, "उजवा अवघडलाय."

थोड्या वेळानं त्या आम्हा दोघींना शेजारच्या वर्गात घेऊन गेल्या. दार लावलं आणि मूठ उघडली. हंसाला घडी पडली होती.

"हे काय हाय?"

ताई खोटं बोलली नाही. "छाप आहे. चमच्यानं घासला की उमटतो."

"चमच्यानं?"

"हो."

"शिकाया किती दिस लागतात?"

"दिवस नाही लागत. चहा उकळेपर्यंत येतं."

त्या बाकावर बसल्या. बाहेरून जावेचा आवाज येत होता. "पुढच्या साली माझ्या लेकीचं लगीन हाय," त्या म्हणाल्या. "तिला सुईत दोरा घालाया येत न्हाई. आन् ही भवानी तवाबी चष्मा घालून येनार. कुठं भेटतात हे?"

मी दुकानाचा पत्ता सांगायला तोंड उघडलं. ताईनं माझ्या पायावर पाय दिला.

"नांदेडला," ती म्हणाली. "पण चांगले निवडून घ्यावे लागतात. जूनपासून मी तिथं असले, तर दर सुट्टीला येताना आणीन."

या पोरीला हाताचं काही येत नसलं तरी बाकीचं येतं, हे सासूबाईंना तेव्हाच कळलं असणार.

"हंस नको," त्या म्हणाल्या. "हंस निघतो. दुसरं काही आन."

मी आईच्या पिशवीतून खोबरेल आणून दिलं. त्यांनी अंगठा पुसला आणि आम्ही बाहेर आलो.

जूनमध्ये त्या स्वतः ताईला एस.टी. स्टँडवर पोचवायला आल्या. तिथं जाऊ भेटली. नवी सून नांदेडला कशाला, असं तिनं विचारलं. "कलाकुसरीचा कोर्स हाय," सासूबाईंनी सांगितलं. "सरकारी."

ताईनं रिटायर होईपर्यंत शाळेत गणित शिकवलं. पण ती जाऊ शेवटपर्यंत प्रत्येक लग्नात तिला बाजूला घ्यायची आणि विणकामातल्या अडचणी विचारायची. ताई गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "धागा जरा सैल सोडा."