कोरडे सांधे, ओला कागद

धक्क्यावर तिला सगळे मिस्त्रीबाई म्हणत आणि घरी नवरा घूस म्हणे. दोन्ही नावं तिला चालत. बेताची उंची, काटकुळं अंग, आणि खांदे इतके अरुंद की जिथे दुसऱ्या मिस्त्र्याचा हात कोपरापर्यंत जाऊन अडकायचा, तिथे ही अख्खी आत शिरायची. तिचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करत. पंपामागे पडलेला नट काढायचा असला की ते हिलाच हाक मारायचे. "जा गं, तू मावतेस." वडिलांनी मला एवढंच शिकवलं, असं ती हसून सांगे, बाकीचं ती बघून बघून शिकली. आता पन्नाशी उलटली होती, उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, तरी नदीवरच्या पाच-सहा लाँचांची इंजिनं तिच्याच भरवशावर चालत.

त्यातली एक लाँच दोघा भावांची होती. सकाळच्या फेऱ्या थोरला करायचा, दुपारनंतरच्या धाकटा. चार वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे लाँचला रंग कुठला द्यायचा यावरून बिनसलं, कुणी म्हणे बायकांवरून, आणि बायका तर एकमेकींकडे रोज जात-येत. दुपारी थोरला उतरायचा, किल्ली सुकाणूजवळच्या खिळ्याला अडकवायचा आणि निघून जायचा. तो वळणापलीकडे गेला की मग धाकटा चढायचा.

इंजिनाच्या खणात पाणी साचतंय, असं दोघांनीही मिस्त्रीबाईला सांगितलं, अर्थात वेगवेगळं. ती दुपारच्या अदलाबदलीच्या वेळी गेली. फळ्या उचलल्या, अंग चोरून आत उतरली, इंजिन आणि लाकडाची भिंत यांच्यामध्ये एका कुशीवर आडवी झाली. आधी तिने सगळं पुसून काढलं. पुसल्याशिवाय गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊलखुणा शोधणं, हे तिचं ठाम मत होतं. मग इंजिनाखाली पांढरे कागद अंथरले आणि धाकट्याला इंजिन सुरू करायला लावलं. पाचच मिनिटांत कागदावर हिरवा थेंब पडला. इंजिन गार ठेवणारं पाणी. वर बघितलं तर रबरी नळीवरची पट्टी सैल. तिने ती आवळली, थेंब थांबला, काम फत्ते.

निघताना सवयीने तिने धाकट्याला बजावलं, "तेलाकडेही लक्ष ठेव रे. कमी वाटलं तर घालत जा. इंजिन जुनं झालंय." दुसऱ्या दिवशी बाजारात थोरला भेटला, त्यालाही हेच सांगितलं. दोघांनीही मान डोलावली.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी तेल.

"खाली काळं तळं झालंय, ताई," धाकटा म्हणाला. "परवाच पुसलं होतं."

ती पुन्हा आत शिरली. पुन्हा पुसलं, कागद अंथरले, हातभर दांडीला लावलेला छोटा आरसा घेऊन इंजिनाची मागची बाजू बघितली. सगळीकडे तेलाचा पातळ थर. नवरा शिंपी होता. त्याच्याकडून तिने कापडावर खुणा करायच्या खडूची पूड आणली होती. ती एकेका सांध्यावर फुंकली. तेल जिथून पाझरेल तिथे पूड भिजून काळी पडणार, हा साधा हिशोब. तासभर इंजिन चालवून बघितलं. कागदावर तेलाचे चार डाग पडले होते. आणि वर सांध्यांवर पूड जशीच्या तशी, पांढरी, कोरडी.

तिने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. कोरडी.

आता कोरड्या सांध्यांतून तेल येतं कसं? वरच्या झाकणाचं पॅकिंग जुनं होतं, म्हणून तिने ते बदललं. चार दिवसांनी तेल होतंच. मग तेलाचा फिल्टर काढून नवा बसवला. तेल होतंच. मग तिला वाटलं, आपण बसवलेलं पॅकिंगच सदोष असेल. ते काढून दुसरं घातलं. तेल, तेच तेल. एकदा तिने तेलाची पातळी मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. थोरला योगायोगाने धक्क्यावर होता, त्याला तिने हाक मारून विचारलं.

"सकाळीच घातलंय मी," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

"हो, बरोबर आहे," ती म्हणाली. गळतंय तर माणूस हात सैल सोडून घालणारच, असं तिने स्वतःला समजावलं. पण डोक्यात काहीतरी खटकत राहिलं. इतकं गळतंय आणि तरी भरलेलं? ती तो धागा पकडायला गेली की गुडघ्यातून कळ यायची आणि धागा सुटायचा.

घरी जेवताना ती मध्येच थांबू लागली. नवरा बघत होता.

"काय गं घूस, बीळ सापडत नाहीये का?"

"सांधे कोरडे आहेत आणि कागद ओला आहे."

"मग कागदातूनच येत असेल तेल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. तिला हसू आलं नाही. तिला आपल्याच डोळ्यांची शंका यायला लागली होती. कधी वाटे, पुसताना आपण कुठली जागा विसरतोय. कधी वाटे, आपलं वय झालं आणि कुणी तोंडावर बोलत नाहीये एवढंच. एका सकाळी ताटावरचा ओला डाग बोटाने घासून, वास घेऊन बघितला. साधं पाणी होतं. नवऱ्याने ताट उचलून नेलं.

आता एकच जागा उरली होती: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील. ते बदलायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागणार, लाँच दोन-तीन दिवस बंद. लोकांना पुलावरून लांबचा फेरा पडणार. तिने दोघांना वेगवेगळं तसं सांगितलं, आणि दोघांचेही चेहरे सारखेच पडले. तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं, की दोघांची हनुवटी अगदी एकसारखी आहे.

पण तिला पाना हाती घ्यावासा वाटेना. "एक दिवस थांबा," ती म्हणाली. "उद्या दिवसभर मी खणात बसते. चालत्या लाँचमध्ये बघते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीच्या आधीच ती आत जाऊन बसली, गुडघ्याखाली उशी घेऊन. वर एक फळी उघडी ठेवली होती. त्या फटीतून तिला थोरल्याचं बाकी काही दिसत नव्हतं, फक्त हात. जाड मनगट, अंगठ्यावर जुना व्रण. हाताने तेलाचं झाकण उघडलं, अर्ध्या लिटरचं माप ओतलं, झाकण लावलं. पट्टीला हातही लावला नाही.

"बघितलं नाहीत, दादा?" तिने आतून विचारलं.

"काय बघायचं? जवळचं दिसत नाही मला. रोजचं माप ठरलेलं आहे."

फेऱ्या सुरू झाल्या. आत उकाडा, कानठळ्या बसवणारा आवाज. इंजिन चांगलं तापलं तेव्हा तिला दिसलं: इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी एक आखूड नळी असते, तिच्या तोंडातून तेलाचा थेंब थुंकल्यासारखा बाहेर आला. मग दुसरा. सांध्यांशी त्याचा काही संबंधच नव्हता. ते तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळून थेट कागदावर. इंजिनाला जास्त झालेलं तेल ते ओकत होतं. पण जास्त कसं झालं? अर्धा लिटर रोज घालतात, तेवढंच गळतं, मग जास्तीचं आलं कुठून?

दुपारी वर पावलं वाजली, खिळ्याला किल्ली वाजली, शांतता झाली. थोड्या वेळाने दुसरी पावलं. धाकट्याने पहिली फेरी केली, इंजिन बंद केलं, आणि लगेच त्या फटीतून दुसरा हात आत आला. बारीक, घड्याळ घातलेला. त्याने पट्टी ओढली, पुसली, घातली, परत ओढली. इंजिन नुकतंच थांबलेलं, तेल अजून वरच्या भागातच फिरत होतं, खाली उतरलं नव्हतं. पट्टीवर कमी दिसणारच. हाताने बाटली घेतली आणि ओतायला सुरुवात केली.

"थांब!" ती ओरडली. धाकटा इतका दचकला की बाटली तिच्या केसांवर कलंडली.

"ताई! तुम्ही अजून आत आहात?"

"तू रोज घालतोस?"

"रोज. कमीच असतं ना. तुम्हीच म्हणालात, कमी वाटलं तर घालत जा."

ती केसांतलं तेल निपटत बाहेर आली आणि फळीवर बसली. कितीतरी वेळ तिला नेमकं कुणावर चिडावं ते कळेना. शेवटी तिने थोरल्याच्या घरी निरोप धाडला, की आत्ताच्या आत्ता या. तो आला, पण भाऊ दिसताच काठावरच थांबला.

"आत या, दादा. मी काही दोनदा सांगणार नाही."

दोघं लाँचच्या दोन टोकांना उभे राहिले, एक नदीकडे बघत, एक काठाकडे. तिने इंजिन थंड होऊ दिलं, मग पट्टी काढून दोघांना दाखवली. तेल खुणेच्या बोटभर वर.

थोरल्याने पट्टी डोळ्यांपासून लांब धरून बघितली. मग कुणाकडेही न बघता विचारलं, "तू किती घालतोस?"

"जेवढं कमी दिसेल तेवढं," धाकटा म्हणाला. "तू?"

"अर्धा लिटर."

मिस्त्रीबाईने खालचा नट सैल करून जास्तीचं तेल डब्यात काढून घेतलं. ते दीड लिटर भरलं.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "दोघांना सांगितलं, पण एकमेकांना सांगा असं सांगितलं नाही. पॅकिंग दोनदा उगाचच बदललं."

"तुमची कशी चूक," धाकटा पुटपुटला. थोरल्याने पट्टी पुसून जागेवर घातली.

असं ठरलं, की तेल सकाळी इंजिन गार असताना बघायचं, आणि बघेल तो धाकटा, कारण थोरल्याला जवळचं दिसत नाही. त्यासाठी धाकट्याला रोज पहाटे धक्क्यावर यावं लागू लागलं. धक्क्यावरच्या लोकांना वाटलं, आता जुळलं. तसं काही झालं नाही. धाकटा यायचा, "ठीक आहे" म्हणायचा, थोरला "बरं" म्हणायचा, आणि धाकटा घरी झोपायला परत जायचा. गळती मात्र थांबली. महिन्याभराने तिने अंथरलेला कागद तिला कोरा परत मिळाला.

नवऱ्याने विचारलं, "मग एवढे दिवस नेमकं काय गळत होतं?" ती सांगायला बसली आणि मध्येच अडली. हात दोन होते, ओतत दोघंही होते, आणि दोघंही तिचंच ऐकत होते. यातलं कुठलं आधी सांगावं ते तिला सुचेना. ते दोघं बोलत का नाहीत, हे तर तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लाँचवर गेली तेव्हा तिने फळ्या उचलण्याआधीच विचारलं, "यात तेल कोण कोण घालतं?" चालवणारा हसायला लागला. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.