वाचून नाही राह्यलं

संशय हा आमच्या घरचा रोग आहे. वडील कापडाचे दुकानदार. ठाण पूर्ण उलगडून आतली घडी उजेडात धरल्याशिवाय त्यांनी कधी माल घेतला नाही. मी आदिलाबादच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले आणि तीच नजर पुस्तकांवर ठेवून बसले. नवरा म्हणतो, तुला प्रसादाच्या शिऱ्यातही खडा दिसतो. दिसतो, कारण कधी कधी असतो.

म्हणूनच हैदराबादहून एजंट आला तेव्हा मी सावध होते. कॉम्प्युटरवर वाचायची ढीगभर पुस्तकं त्याची कंपनी वर्षाच्या करारावर देणार होती. आमच्याकडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक जन्मांध मुलगी होती, तलमडुगुकडच्या शेतकऱ्याची. ती हेडफोन लावून बसे आणि स्क्रीन रीडर तिला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवी. तिचा इतिहासाचा पेपर जवळ आला होता आणि त्याची पुस्तकं याच करारातून मिळणार होती. तिला ती ऐकता येतील का, एवढंच मला हवं होतं.

"मॅडम, सब पढ़ के सुनाता है," म्हणत एजंटने एक पुस्तक उघडलं. यंत्राने घडाघडा वाचलं. दुसरं उघडलं, तेही वाचलं. मग मी पासवर्ड चोरीला गेला तर काय, कंपनी बुडाली तर काय, असलं सगळं खोदून विचारलं. दोन्ही पुस्तकं त्यानेच निवडली होती, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. करारात 'दिव्यांगांसाठी सोय: उपलब्ध' अशी एक ओळ होती. प्राचार्यांनी विचारलं, "तस्दीक केली ना?" खातरजमेला आमच्या ऑफिसात अजून हाच शब्द चालतो. मी हो म्हटलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, इतिहासाचं पुस्तक वाचून नाही राह्यलं."

मला ऐकू आलं 'राह्यली'. आमच्या बोलीत 'वाचून राहणं' म्हणजे वाचत असणं, आणि या 'लं' आणि 'ली'त सगळा फरक आहे. 'राह्यलं' म्हणजे पुस्तक गप्प आहे, 'राह्यली' म्हणजे मुलगी अभ्यास करत नाही. ती हेडफोनमधून गाणी ऐकते, असं मला आधीपासूनच वाटत होतं. कानाने एक ऐकलं, संशयाने दुसरं.

"काऊन नाही वाचून राह्यली? पेपर तोंडावर आला न!"

"मी नाही मॅडम, ते..."

"कारणं नको सांगू."

ती काठी उचलून निघून गेली. त्याच आठवड्यात कंपनीने ईमेलवर विचारलं, सोयीचा उपयोग कसा होतोय? मी इंग्रजीत कळवलं, विद्यार्थिनी पुस्तकं वाचत नाही. दुपारपर्यंत गोड उत्तर आलं: आभार, सोय वापरात नसल्याने पुढच्या करारातून वगळत आहोत.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. साध्या तक्रारीला आठवडाभर दाद न देणारी कंपनी आभार मानायला इतकी तत्पर? पाणी कुठेतरी मुरत होतं. मी त्या मुलीच्या कॉम्प्युटरवर इतिहासाचं पुस्तक उघडलं, मॉनिटर बंद केला आणि हेडफोन कानाला लावले.

"चित्र," यंत्र म्हणालं. पुढचं पान. "चित्र." त्याच्या पुढचं. "चित्र."

पानांचे नुसते फोटो काढून चढवले होते. डोळसाला त्यात मजकूर दिसतो, यंत्राला एक अक्षर सापडत नाही. मी आणखी पुस्तकं उघडत गेले, बहुतेकांची तीच गत. एजंटला शिव्या घातल्या, पण मनातल्या मनात, कारण तस्दीक माझी होती आणि ते ईमेलही माझंच होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तोवर पेपर होऊन गेला होता. ती इतिहासात नापास झाली.

पुढच्या वर्षाचा करार आला, तो मी अडवला. ज्याला ऐकून वाचायचं आहे त्याने स्वतः पुस्तकं निवडावीत, ऐकावीत आणि त्याचा होकार आल्यावरच सही व्हावी, अशी अट घातली. प्राचार्य कुरकुरले, मी हटले नाही. मग मुलीला फोन केला. चूक माझी होती, तुझं बोलणं मी उलटं ऐकलं, असं स्पष्ट सांगितलं. "तुला पेपर पुन्हा द्यायचा आहे न? मग तूच येऊन तपास."

"येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ठरल्या दिवशी ती आली, सोबत वडील. कापसाची वेचणी सोडून आले होते, सदऱ्याला कापसाचे तंतू तसेच. एजंट पुस्तकांची यादी घेऊन बसला होता. वडील बसायला तयार होईनात, मुलीच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"बाबा, तुमी काऊन तरास घेतला? मी आहे न इथं," मी म्हणाले.

उत्तर मुलीने दिलं, हेडफोन कानाला लावता लावता.

"मी काय बोलते, ते ऐकाले आणलं त्याईले, मॅडम."